एक राज्य, दोन केसरी : क्रीडासंघटनेचा कारभार चालतो कसा?

२०२५ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या दुसऱ्या तारखेस अहिल्यानगर येथे पृथ्वीराज मोहोळ याने महेंद्र गायकवाड याच्यावर मात करून महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतली. आणि पुरते दोन महिने लोटण्याच्या आत, मार्चच्या अखेरीस, त्याच जिल्ह्यातील कर्जत येथे वेताळ शेळके यानेही महाराष्ट्र केसरीचीच गदा खांद्यावर घेतली. त्यापूर्वीचा, २०२३ च्या नोव्हेंबरातला प्रकार तर याहून विलक्षण होता. शिवराज राक्षे हा मल्ल पुण्याजवळील फुलगाव येथे सिकंदर शेखकडून अंतिम कुस्ती हरला आणि त्याच महिन्यात धाराशिव येथे अंतिम कुस्ती जिंकला, म्हणजे एकच किताब एकाच महिन्यात त्याने गमावलाही आणि मिळवलाही.

खानदेशाचा या किताबाशी संबंध जुना आहे. १९६१ साली सुरू झालेली ही स्पर्धा दुसऱ्याच वर्षी धुळ्यास भरली आणि भगवान मोरे केसरी झाले. १९६६ साली जळगावला दीनानाथ सिंह यांनी गदा जिंकली. १९७७ साली चाळीसगावी भरलेल्या स्पर्धेची नोंद 'अनिर्णित' अशी आहे. त्याच चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळीच्या विजय चौधरी याने २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षे हा किताब मिळविला आणि पुढे राज्य शासनाने त्यास पोलीस उपअधीक्षकाच्या पदावर नेमले. त्या तिन्ही वर्षी 'हा कोणत्या संघटनेचा केसरी?' असा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही. आज तो प्रश्न पारावर बसलेला म्हातारा माणूसही विचारतो. कुस्ती तीच, माती तीच, डाव तेच. मग मधल्या काळात बिघडले ते काय? त्याचे उत्तर आखाड्यात सापडत नाही. ते संघटनेच्या दप्तरात आहे, आणि ते दप्तर कसे वाचावे हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

यात्रेतील दंगल आणि संघटनेची स्पर्धा

गावच्या यात्रेतील कुस्त्यांची दंगल ज्याने पाहिली आहे, त्याला संघटनेवाचूनही खेळ चालतो हे सांगावे लागत नाही. मातीच्या हौद्याभोवती माणसे दाटीने बसलेली असतात, लंगोट कसलेली पोरे पंचांपुढे येऊन उभी राहतात, आणि पंच दोघांचे दंड व खांदे केवळ नजरेने तोलून त्यांचे हात एकमेकांच्या हातात देतात. यालाच जोड लावणे म्हणतात. तेथे वजनकाटा नसतो, वयाचा दाखला कोणी मागत नाही, आणि चितपट झाली की नाही यावरून कालवा उठलाच, तर यात्रा समितीतले एखादे आप्पा किंवा तात्या उभे राहून 'बरोबरीत सोडा' म्हणतात आणि प्रकरण तेथेच मिटते. हे सारे चालते, कारण सर्व जण सर्वांना ओळखतात, आणि इनामाची रक्कम व मिळणारी कीर्ती पाचपन्नास गावांच्या पलीकडे जात नाही.

परंतु सायगावच्या मल्लाची गाठ कोल्हापूरच्या, सोलापूरच्या किंवा पुण्याच्या मल्लाशी घालून देऊन 'जो जिंकेल तो सबंध राज्याचा श्रेष्ठ' असे म्हणावयाचे झाल्यास आप्पांचा शब्द पुरत नाही, कारण सोलापूरकरांना आप्पा कोण हे ठाऊक नसते. तेव्हा वजनगट कोणते, वय कोण तपासणार, गुण कसे मोजावयाचे, पंच कोण नेमणार आणि निकालाची नोंद कोठे राहणार, यांविषयी परस्परांस अनोळखी असलेल्या माणसांमध्ये आगाऊ करार व्हावा लागतो. क्रीडासंघटना म्हणजे मुळात हा करार होय. महाराष्ट्र केसरीत माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता अंतिम कुस्तीत समोरासमोर येतात, हीदेखील त्या करारातील एक अटच आहे. किताबाचे मोल या करारावर उभे असल्यामुळे, करार करणारे हातच दोन झाले की किताबही दोन होतात.

तीन कागद

एखादी जिल्हा संघटना खरी की केवळ नावाची, हे पाहावयाचे झाल्यास तिचे तीन कागद वेगवेगळे पाहावे लागतात. सामान्य वाचकाचा घोटाळा बहुधा हे तिन्ही कागद एकच समजल्यामुळे होतो.

पहिला कागद नोंदणीचा. आपल्याकडील बहुतेक क्रीडासंस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. या नोंदणीने संस्थेस कायद्याच्या दृष्टीने अस्तित्व मिळते: तिला बँकेत खाते उघडता येते, मालमत्ता धारण करता येते, तिच्यावर दावा लावता येतो. निवडणूक होऊन कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, ज्याला सर्रास 'चेंज रिपोर्ट' म्हणतात तो, दाखल करावा लागतो. त्यावर विरुद्ध गटाने हरकत घेतली की चौकशी सुरू होते आणि ती पुष्कळदा नव्या कार्यकारिणीची मुदत संपेपर्यंतही चालते.

दुसरा कागद संलग्नतेचा. तालुक्याचा आखाडा जिल्हा तालीम संघाशी, जिल्हा संघ राज्य संघटनेशी, राज्य संघटना भारतीय कुस्ती महासंघाशी आणि महासंघ जागतिक कुस्ती संघटनेशी जोडलेला असतो. वरच्या स्पर्धेत खेळाडू पाठविण्याचा अधिकार या साखळीतून येतो. जळगावच्या जैन स्पोर्ट्स अकॅडमीसारखी प्रबोधिनी उत्तम प्रशिक्षक, मैदाने व सोयी पुरवू शकते. राज्याचा संघ निवडण्याचा अधिकार मात्र त्या त्या खेळाच्या संलग्न संघटनेकडेच राहतो. क्रिकेटमध्ये जळगाव व धुळे हे जिल्हे पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनशी जोडलेले असल्यामुळे येथील मुलगा रणजी सामन्यात महाराष्ट्राकडून खेळतो, मुंबईकडून नव्हे. त्यामागेही याच साखळीची रचना आहे.

तिसरा कागद शासकीय मान्यतेचा. अनुदान, क्रीडासंकुलाचा वापर, दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण यांसाठी स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची आहे काय हे पाहिले जाते. नोकरीसाठी सादर केलेले क्रीडा प्रमाणपत्र पडताळणीस जाते आणि तेथे पदकापेक्षा ते देणाऱ्या संघटनेची सही अधिक बारकाईने न्याहाळली जाते. शालेय स्पर्धांची ओळ यापासून अगदीच वेगळी आहे: त्या जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कार्यालयामार्फत तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात, तर अजिंक्यपद स्पर्धा संघटना भरविते. दोन्हींची प्रमाणपत्रे एकाच फाईलीत लावणाऱ्या पालकांस हा भेद बहुधा फार उशिरा कळतो.

पांझरेकाठचा धडा

ही रचना समजण्यास धुळे जिल्ह्यातील फड पद्धतीइतका चांगला दृष्टान्त दुसरा नाही. पांझरा नदीवरील बंधाऱ्याचे पाणी पाटात येते, पाटातून चाऱ्यांनी फडात जाते आणि फडातील शेतकऱ्यांस पाळीपाळीने मिळते. कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे हे पंच ठरवितात, पाणी सोडण्याचे काम पाटकरी करतो, उभ्या पिकाची राखण जागल्या करतो, आणि पाटातील गाळ मात्र सर्व लाभधारक मिळून काढतात. क्रीडासंघटनेतही अधिकार वरून खाली असाच वाहत येतो. बंधाऱ्यापाशी अडथळा झाला की शेवटच्या शेतकऱ्याचा काही अपराध नसताना त्याचे पीक वाळते.

या अडथळ्याचा प्रत्यय २०२३ साली आला. महासंघाच्या अध्यक्षांवर महिला मल्लांनी लैंगिक छळाचे आरोप केल्यानंतर आंदोलन पेटले, कारभार हंगामी समितीकडे गेला, निवडणुका पुन्हा पुन्हा तहकूब झाल्या, आणि त्या मुदतीत न झाल्यामुळे जागतिक संघटनेने ऑगस्टमध्ये भारतीय महासंघास निलंबित केले. परिणामी सप्टेंबरातील बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत भारतीय मल्लांस तिरंग्याखाली उतरता आले नाही. अंतिम पंघाल हिने तेथे कांस्यपदक आणि पॅरिस ऑलिंपिकची जागा मिळविली, तीही तटस्थ खेळाडू म्हणून. पुढे २१ डिसेंबरला निवडणूक झाली, तिसऱ्याच दिवशी केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने नव्या कार्यकारिणीस निलंबित केले. जागतिक संघटनेने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपले निलंबन उठविले, मंत्रालयाने मात्र मार्च २०२५ मध्ये. म्हणजे वर्षाहून अधिक काळ एकच महासंघ परदेशात मान्य आणि स्वदेशात अमान्य होता. तीन कागद वेगवेगळे असतात असे जे वर म्हटले, त्याचे याहून ठळक उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

फडाच्या दृष्टान्तात एक ठिकाणी मात्र फरक पडतो, आणि सारी मेख तेथेच आहे. फडात खोटा हक्कदार शिरू शकत नाही, कारण ज्याचे शेत पाटाखाली आहे तोच हक्कदार, आणि शेत सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. क्रीडासंघटनेचा सभासद कागदावर असतो. त्याच्या नावामागे आखाडा आहे की नुसताच शिक्का, हे दूर बसलेल्यास दिसत नाही.

मतदारयादी : सत्तेचे खरे ठिकाण

राज्य संघटनेत मत असते ते जिल्हा संघाचे, आणि राष्ट्रीय महासंघात मत असते ते राज्य संघटनेचे. २०२३ च्या निवडणुकीत संजय सिंह हे ४० विरुद्ध ७ अशा मतांनी निवडून आले. म्हणजे देशातील हजारो मल्लांच्या क्रीडाजीवनाचा कारभार कोणी पाहावा याचा निकाल ४७ मतांनी लागला. मतदार इतके थोडे असले की त्यांचे मन वळविणे सोपे, आणि मन वळत नसेल तर मतदारच बदलणे त्याहून सोपे. म्हणून क्रीडासंघटनेतील लढाया मतदानाच्या दिवशी क्वचितच होतात. त्या वर्ष-सहा महिने आधी, कोणत्या जिल्ह्याची संलग्नता कायम ठेवावयाची, कोणाची रद्द करावयाची आणि कोणत्या नव्या संघास दाखल करून घ्यावयाचे, या प्रश्नावर लढल्या जातात.

२०२२ साली महाराष्ट्रात जे घडले ते याच चालीने घडले. भारतीय कुस्ती महासंघाने शरद पवार यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची कार्यकारिणी बरखास्त केली, नवी निवडणूक होऊन रामदास तडस यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी संघटना उभी राहिली, आणि प्रकरण न्यायालयात गेले. एका गटापाशी जुनी नोंदणी, जुने दप्तर आणि दीर्घ वहिवाट. दुसऱ्या गटापाशी वरून आलेली नवी संलग्नता. प्रत्येकाच्या हाती कोणता ना कोणता कागद होता, म्हणून प्रत्येकाने प्रामाणिकपणे आपलीच गदा खरी मानली. मग जिल्ह्याजिल्ह्यांतही दोन तट पडले, आणि कोणत्या तटाच्या निवड चाचणीस उतरावे हा प्रश्न ज्यास राजकारणातले काहीच कळत नाही अशा अठरा वर्षांच्या पोरापुढे येऊन ठाकला.

मतांची मोजणी न्याय्य कशी असावी हा प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही. क्रिकेट मंडळासंबंधी लोढा समितीने 'एक राज्य, एक मत' असे सुचविले आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्यही केले. परंतु त्यामुळे मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या एकाच राज्यातील तीन जुन्या संघटनांना एका मतात पाळी लावण्याची वेळ आली, आणि २०१८ मध्ये न्यायालयानेच आपला निर्णय फिरवून तिघींस स्वतंत्र मत परत दिले. समान मत दिले तर शंभर तालमींचा जिल्हा आणि दोन तालमींचा जिल्हा एका पंक्तीस बसतात. खेळाडूंच्या संख्येवर मत दिले तर थोरला जिल्हा धाकट्यास कायमचा गिळतो. कोणतीही पद्धत घेतली तरी निदान इतके आवश्यक आहे की, मतामागे खेळ असावा: ज्या संघाने गेल्या दोन-तीन वर्षांत जिल्हा स्पर्धा भरविली, खेळाडू नोंदविले आणि हिशेब सादर केला, त्यालाच मत असावे.

अध्यक्षाचे वजन, सरचिटणीसाची लेखणी

नेतृत्व आणि व्यवस्थापन यांतील भेद क्रीडासंघटनेत अगदी उघडा दिसतो. अध्यक्ष बहुधा आमदार, खासदार, कारखानदार किंवा सहकारातील मातब्बर गृहस्थ असतो, आणि त्यास अकारण नावे ठेवण्यात अर्थ नाही. मैदान मिळविणे, पोलीस बंदोबस्त मागणे, हजारो माणसांच्या भोजनाचा भार उचलणे आणि गदेबरोबर मोटार देणारा दाता शोधणे ही कामे वजनदार माणसावाचून होत नाहीत. परंतु वर्षाचे तीनशे दिवस संघटना चालवितो तो सरचिटणीस. सभेची सूचना तो काढतो, इतिवृत्त तो लिहितो, खेळाडूंची यादी तो पाठवितो, पत्रव्यवहार त्याच्या नावे येतो, आणि संघटनेचे दप्तर पुष्कळदा त्याच्या घरच्या कपाटातच असते. पाच वर्षांत त्याची सोय होते, दहा वर्षांत शिरस्ता होतो, आणि वीस वर्षांनी त्याच्यावाचून काही चालत नाही अशी सर्वांची खात्री होऊन बसते. त्याची निष्ठा निर्मळ असली तरी ही स्थिती धोक्याची आहे. कारण दप्तर जेव्हा माणसाबरोबर चालते, तेव्हा माणूस बदलण्याच्या दिवशी संघटनेचे दोन तुकडे होतात. पदाची मुदत, दोन मुदतींनंतरची सक्तीची विश्रांती आणि दप्तरासाठी संघटनेची स्वतःची जागा, हे तीन नियम त्यावरचे परिणामकारक उपाय आहेत.

खजिनदाराविषयी एवढेच सांगणे पुरे की, बँकेतून पैसे काढण्यास दोन सह्या, प्रत्येक देणगीस पावती आणि वर्षाअखेर लेखापरीक्षण हे सोपस्कार शंकेखोर माणसांनी शोधून काढलेले नाहीत. प्रामाणिक खजिनदारास आळ येण्यापासून वाचविण्यासाठी ते आहेत.

कुस्ती सोडविणारा आणि तक्रार ऐकणारा

२०२५ च्या अहिल्यानगर स्पर्धेत राक्षे आणि मोहोळ यांच्या उपांत्य कुस्तीत पंचांनी दिलेला चितपटीचा निकाल राक्षे यास मान्य झाला नाही. त्याने पंचास लाथ मारली. अंतिम कुस्तीत गायकवाड यानेही निकालावर नाराज होऊन मैदान सोडले. आणि दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. पंचावर हात वा पाय उगारणे क्षम्य नाही, याविषयी दुमत होऊ नये. परंतु कारभाराच्या दृष्टीने एक निराळाच प्रश्न येथे उभा राहतो. जी संघटना स्पर्धा भरविते, तीच पंच नेमते, तीच तक्रार ऐकते आणि तीच शिक्षा फर्माविते, तेव्हा निकाल अचूक असूनही तो अचूक आहे असे हरलेल्यास पटविण्याचा मार्ग उरत नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर यासाठी क्रीडा लवाद आहे. पॅरिसमध्ये विनेश फोगट हिचे अपील त्या लवादाने फेटाळले, आणि निकाल कडू लागला तरी ऐकणारा तिऱ्हाईत होता हे समाधान उरले. जिल्हा पातळीवर तिऱ्हाईत मिळणे फारसे अवघड नाही: निवृत्त न्यायाधीश, दुसऱ्या जिल्ह्यातील ज्येष्ठ पंच आणि एखादी माजी खेळाडू अशी तिघांची समिती, सात दिवसांत लेखी निकाल देण्याच्या अटीवर, कोणालाही नेमता येईल.

नवा कायदा काय करील, काय करणार नाही

ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत झाला. त्याने राष्ट्रीय संघटनांना मान्यता देण्यासाठी क्रीडा मंडळ, तंटे सोडविण्यासाठी क्रीडा न्यायाधिकरण आणि निवडणुकांवर देखरेख करणाऱ्या तज्ज्ञांचे मंडळ अशी तीन अंगे योजिली आहेत. कार्यकारिणीत पंधरापेक्षा अधिक सभासद नसावेत, आणि त्यांत निदान दोन नामांकित खेळाडू व चार स्त्रिया असाव्यात, असेही ठरविले आहे. बंधाऱ्याची दुरुस्ती यातून होईल अशी आशा करण्यास जागा आहे. मात्र क्रीडा हा विषय घटनेच्या राज्यसूचीत आहे, आणि या कायद्याचा मुख्य रोख राष्ट्रीय संघटनांवर आहे. जिल्ह्याच्या तालीम संघाची सभासद-यादी तपासण्यास दिल्लीहून कोणी येणार नाही.

> थोडक्यात : आपल्या जिल्हा संघटनेस विचारावयाचे पाच प्रश्न
>
> १. नोंदणी, संलग्नता आणि शासकीय मान्यता हे तिन्ही कागद आज चालू आहेत काय?
>
> २. मतदार सभासदांची यादी उघड आहे काय, आणि प्रत्येक नावामागे चालू आखाडा किंवा मंडळ आहे काय?
>
> ३. शेवटची निवडणूक केव्हा झाली आणि तिचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात दाखल झाला काय?
>
> ४. लेखापरीक्षित हिशेब वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवला जातो काय?
>
> ५. निवड चाचणीची तारीख आणि निकष आगाऊ जाहीर होतात काय, आणि तक्रार ऐकणारे लोक निवड करणाऱ्यांहून वेगळे आहेत काय?

हे प्रश्न विचारण्यास वशिला लागत नाही. सार्वजनिक न्यासाचे अभिलेख ठरलेली फी भरून धर्मादाय कार्यालयात पाहता येतात आणि त्यांच्या नकला मिळतात. संघटनेच्या घटनेत बसत असेल तर माजी मल्लास, प्रशिक्षकास किंवा पालकास वर्गणी भरून सभासदही होता येते. आपल्याकडे वार्षिक सर्वसाधारण सभा बहुधा पंधरा मिनिटांत आटोपते, कारण चहा येईपर्यंत कोणी प्रश्नच विचारीत नाही. आणि पुढे कार्यकारिणी चार-चार मुदती तीच राहिली की आपण राजकारण्यांना दोष देतो. जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातील पन्नास माजी मल्लांनी आपापल्या तालमीची नोंद खरी करून घेतली, सभेस हजेरी लावली आणि इतिवृत्तात आपला प्रश्न नोंदवून घेण्याचा आग्रह धरला, तर त्या जिल्ह्याच्या मतामागे प्रथमच खरा आखाडा उभा राहील. असे दहा-पंधरा जिल्हे झाले, तर राज्याची संघटना कोणती याचा निकाल न्यायालयाकडून किंवा दिल्लीहून मागवावा लागणार नाही.